आयफेल टॉवर आणि सेन नदीतली बोट: गाईडसह एकत्र बुकिंग करण्याआधी

पॅरिसला निघालेल्या ओळखीच्या माणसांचे मला अधूनमधून फोन येतात. त्यात एक प्रश्न हमखास असतो. "आयफेल टॉवर आणि बोट असं एकत्र पॅकेज दिसतंय, गाईडसकट. घेऊन टाकू का?"

घ्यायला हरकत नाही, पण हे एक तिकीट नसतं, एका पाकिटात घातलेली दोन तिकिटं असतात. टॉवरचं तिकीट घड्याळाला बांधलेलं असतं, त्यावर तारीख असते आणि वेळही. बोटीचं बहुतेक वेळा मोकळं असतं, आज नाही तर उद्या, सहाची नाही तर साडेसहाची. शिवाय टॉवरच्या जागा संपतात, बोटीच्या सहसा संपत नाहीत. पुढचे सगळे सल्ले या फरकातूनच निघतात. म्हणून आधी टॉवर पक्का करायचा आणि बोट त्याच्या मागे बांधायची. पॅकेज घेतलं तरी क्रम हाच.

पहिली पायरी: व्हिसा आणि तारखा

टॉवरची लिफ्टची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर साधारण ६० दिवस आधी खुली होतात, जिन्याची १४ दिवस आधी. २० मे रोजी वर जायचं असेल तर २१ मार्चच्या सुमाराला संगणकापुढे बसायला हवं. मे आणि जूनच्या संध्याकाळच्या वेळा, त्यातही शिखरापर्यंतच्या, फार लवकर जातात. आपल्या शाळांची सुटी आणि युरोपचा गर्दीचा मोसम नेमके एकाच वेळी येतात, त्याला इलाज नाही.

खरी अडचण अशी की टॉवरचं अधिकृत तिकीट साधारणपणे परत होत नाही आणि बदलूनही मिळत नाही, आणि आपला व्हिसा तर अजून हातात नसतो. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. अर्ज दिल्यावर निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण उन्हाळ्याआधी अपॉइंटमेंट मिळण्यातच वेळ जातो. तेव्हा व्हिसाचं काम तीन-साडेतीन महिने आधी उरका, म्हणजे तिकिटं खुली होतील त्या दिवशी पासपोर्ट घरी आलेला असेल. व्हिसाच्या फाइलला टॉवरचं तिकीट लागत नाही. विमानाचं आरक्षण, राहण्याची सोय, प्रवास विमा, बँकेचे कागद आणि कोणत्या दिवशी कुठे याचा तक्ता, एवढं लागतं. "व्हिसासाठी म्हणून" टॉवरवर आधी पैसे अडकवू नका.

व्हिसा उशिरा आला आणि अधिकृत तिकिटं संपली, तर मात्र गाईडसह पॅकेज कामाला येतं. एजन्सींकडे त्यांचा वेगळा साठा असतो आणि त्यांच्याकडे अनेकदा तारखेच्या एक-दोन दिवस आधीपर्यंत पैसे परत मिळण्याची अटही असते.

दुसरी पायरी: कुठपर्यंत चढायचं?

आपल्याकडच्या टूर कंपन्या "सेकंड लेव्हल, थर्ड लेव्हल" म्हणतात. टॉवरला खरे मजले दोनच, पहिला ५७ मीटरवर आणि दुसरा ११६ मीटरवर. तिसरी लेव्हल म्हणजे शिखर, २७६ मीटरवर. पाट्यांवर त्याला फ्रेंचमध्ये "सोमे" म्हणतात. अँटेना धरून एकूण उंची ३३० मीटर.

तिकिटं चार प्रकारची: लिफ्टने दुसऱ्या मजल्यापर्यंत, लिफ्टने शिखरापर्यंत, जिन्याने दुसऱ्या मजल्यापर्यंत, आणि जिन्याने दुसरा मजला व तिथून लिफ्टने शिखर. दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत. पुण्याच्या पर्वतीच्या १०३ पायऱ्या धरल्या तर एका दमात साडेसहा वेळा पर्वती. कॉलेजातल्या मुलांनी जरूर करावं, लोखंडाच्या जाळीतून चढत जाण्याची मजा लिफ्टमध्ये नाही. दुसऱ्या मजल्याच्या पुढे जिना पर्यटकांसाठी नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यांना, विशेषतः ज्येष्ठांना आणि लहान मुलांना, दुसरा मजला पुरतो. तिथून लूव्र संग्रहालय, नोत्र-दाम चर्च, माँमार्त्रची टेकडी ओळखू येते. शिखरावरून तीच ठिकाणं नकाशासारखी सपाट होतात. पण "एवढं आलो आणि वर नाही गेलो" ही रुखरुख आपल्या घरांत वर्षानुवर्षं टिकते हेही मला माहीत आहे. तेव्हा रुखरुखीची किंमत धरून ठरवा. शिखरासाठी दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट बदलावी लागते, तिथे पुन्हा रांग असते. जोराचा वारा असला की शिखर बंद ठेवतात. चाकांच्या खुर्चीला दुसऱ्या मजल्यापर्यंत जाता येतं, शिखरावर नेता येत नाही.

२०२५ मध्ये मोठ्या माणसाचं लिफ्टचं तिकीट शिखरापर्यंत ३६ युरोच्या आसपास आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत २३ युरोच्या आसपास होतं. १२ ते २४ वर्षांच्या मुलांना जवळपास निम्मं, ४ ते ११ वर्षांच्यांना पाव. चारच्या आतल्यांना पैसे नाहीत, पण बुकिंग करताना त्यांची नोंद करावी लागते. हिशेबाला युरो शंभर रुपयांचा धरा, थोडंफार इकडे तिकडे.

तिसरी पायरी: अधिकृत तिकीट की गाईडचं पॅकेज

इथे थोडं थांबूया, कारण लोकांचे पैसे इथेच जातात.

अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता "टूरआयफेल" आणि पुढे "डॉट पॅरिस" असा आहे. शेवटी डॉट कॉम दिसलं तर तो कुणीतरी मध्यस्थ समजा. मध्यस्थ म्हणजे भामटा असं नाही, पण भाव त्याचा असतो. शोधयंत्रात वर दिसणारे पहिले दोन-तीन दुवे बहुधा जाहिरातीचेच असतात.

आता पॅकेजचा हिशेब घरी बसून करा. दुसऱ्या मजल्याचं अधिकृत तिकीट २३ युरो, एक तासाच्या साध्या बोटीचं साधारण १७ ते २०. म्हणजे स्वतः जुळवलं तर माणशी ४०-४३ युरो. पॅकेज याच्या दीडपट-दुप्पट दिसलं, तर वरचे पैसे गाईडचे, एजन्सीच्या आरक्षणाचे आणि तुमच्या निर्धास्तपणाचे. हे तीन तुम्हाला हवे आहेत का, एवढाच प्रश्न. अधिकृत तिकिटं संपलीत, आई-बाबा सत्तरीचे आहेत आणि परक्या भाषेतल्या पाट्या वाचत कुठल्या दाराने शिरायचं याची धास्ती आहे, किंवा तुम्हाला टॉवरची गोष्ट खरोखर ऐकायची आहे, तर पैसे सार्थकी लागतात. नुसते फोटो काढायचे असतील तर नाही.

पॅकेज घेताना बारीक अक्षरात पाच गोष्टी शोधा. पहिली, कितवा मजला. मुख्य फोटो शिखरावरचा आणि तिकीट दुसऱ्या मजल्याचं, हे सर्रास चालतं. दुसरी, गाईड कुठपर्यंत येतो. बहुतेक गाईड दुसऱ्या मजल्यापर्यंतच सोबत असतात, शिखरावर तुम्हाला एकट्याने जायचं असतं. बोटीवर तर गाईड जवळजवळ कधीच येत नाही. तो खाली बोटीचं तिकीट हातात ठेवून निरोप घेतो आणि पुढे बोटीवरचं रेकॉर्डिंग तुमचा गाईड. तिसरी, "गाईडेड" लिहिलंय की "होस्टेड". होस्टेड म्हणजे एक माणूस भेटेल, तिकीट देईल, लिफ्टपर्यंत सोडेल आणि निघून जाईल. गोष्टबिष्ट काही नाही. चौथी, बोट कुणाची आणि कुठल्या धक्क्यावरून. त्याबद्दल पुढे बोलतो. पाचवी, भेटण्याची जागा.

भेटण्याच्या जागेवर माझा स्वतःचा पोपट झालेला आहे. भेटायचं टॉवरखालीच असणार असं आम्ही गृहीत धरलं आणि वीस मिनिटं खांबाशी उभे राहिलो. एजन्सीचं दुकान पलीकडच्या एका गल्लीत होतं, ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलेलं, मी वाचलेलं नव्हतं. गट निघून गेला. पैसे परत नाहीत, उशिरा येणाऱ्यांना प्रवेश नाही, हेही त्याच ईमेलमध्ये होतं. तेव्हा भेटीची जागा आदल्या दिवशी नकाशावर खूण करून ठेवा आणि तिथे पंधरा-वीस मिनिटं आधी पोचा.

"रांग टाळा" या शब्दांवरही फार विसंबू नका. तिकिटाच्या खिडकीची रांग टळते, सुरक्षा तपासणीची कुणाचीच टळत नाही. २०१८ पासून टॉवरच्या पायथ्याभोवती कुंपण आणि गोळीला दाद न देणारी काचेची भिंत आहे. आत येताना एक तपासणी आणि लिफ्टकडे जाताना दुसरी, दोन्ही सगळ्यांना. पायथ्याच्या आवारात येणं मात्र फुकट आहे, तपासणी करून कुणीही खाली फिरू शकतं.

चांगला गाईड असेल तर काय मिळतं, तेही सांगतो. पहिल्या मजल्याच्या खाली चारही बाजूंना ७२ फ्रेंच शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांची नावं कोरलेली आहेत, ती तो वाचून दाखवतो. मूळ आराखडा गुस्ताव्ह आयफेल यांचा नव्हे, त्यांच्या कंपनीतल्या मॉरिस केक्लँ आणि एमिल नुगिए यांचा, आणि स्तेफान सोव्हेस्त्र या वास्तुविशारदाने त्याला कमानींचं रूप दिलं, हे बहुतेकांना नवीन असतं. १८,०३८ लोखंडी भाग आणि ते जोडणारे २५ लाख रिव्हेट वापरून १८८७ ते १८८९ या काळात तो उभा राहिला, १८८९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी. परवानगी २० वर्षांचीच होती, नंतर पाडून टाकायचा होता. आयफेल यांनी वर रेडिओचे प्रयोग करू दिले, लष्कराला त्याचा उपयोग पटला आणि टॉवर वाचला. उन्हाळ्यात लोखंड प्रसरण पावून तो काही सेंटिमीटर उंच होतो. हे ऐकून वर पाहिलं की तो नुसता कीचेनवरचा टॉवर राहत नाही.

गाईड इंग्रजीत बोलतात. हिंदी गाईड शोधूनही सहज मिळत नाही. फ्रेंच हेलातलं इंग्रजी घरच्या मोठ्यांना कळेल का, याचा विचार आधी करा. नाहीतर वरच्या परिच्छेदातला मजकूर तुम्हीच रंगवून सांगा, काम भागतं.

चौथी पायरी: बोट कुणाची, धक्का कुठला

टॉवरच्या अगदी पायथ्याशी, रस्ता ओलांडून खाली उतरलं की दोन धक्के आहेत. टॉवरसमोरच्या येना पुलाच्या एका बाजूला बुर्दोने धक्का, तिथून बातो पारिझियँ या कंपनीच्या बोटी सुटतात. दुसऱ्या बाजूला सुफ्रेन धक्का, तिथून व्हदेत द पारीच्या. टॉवर उतरून पाच-सात मिनिटं चाललं की पोचलो.

पण सगळ्यांत प्रसिद्ध नाव आहे बातो मूश, आणि त्या बोटी इथून सुटत नाहीत. त्यांचा धक्का आल्मा पुलाशी, नदीच्या पलीकडच्या काठावर आहे. टॉवरपासून रमतगमत पंधरा-वीस मिनिटं. चौथी कंपनी, व्हदेत द्यु पाँ नफ, तर थेट शहराच्या मध्यावर, नदीतल्या सिते बेटाच्या टोकाशी आहे. पॅकेजवर नुसतं "सेन क्रूझ" लिहिलेलं असेल तर यातलं कुठलंही निघू शकतं. रात्री दमलेली मुलं आणि गुडघे धरून बसलेल्या मावशी सोबत असताना हे कळणं बरं नव्हे.

बातोब्यूस हा आणखी एक प्रकार, पाण्यावरची बस म्हणा. दिवसभराचा पास घेऊन थांब्याथांब्यावर उतरता-चढता येतं. वर्णन ऐकायला मिळत नाही, पण टॉवर, ओर्से संग्रहालय, लूव्र, नोत्र-दाम एकाच दिवशी करायचं असेल तर पाय वाचतात.

एक तासाची साधी फेरी घ्या. जेवणाच्या क्रूझच्या मोहात शाकाहारी माणसाने पडू नये असं मी म्हणेन. पैसे चौपट-पाचपट, आणि बाहेर नोत्र-दाम सरकत असताना तुम्ही ताटातलं काय आहे ते वेटरला विचारत बसता.

धक्क्यावर उतरायला बऱ्याच ठिकाणी पायऱ्या आहेत. उताराचा रस्ताही असतो, थोडा वळसा घालावा लागतो. ज्येष्ठ सोबत असतील तर तोच धरा.

पाचवी पायरी: वेळा जुळवणं

नियम साधा: टॉवर आधी, बोट नंतर. टॉवरवर किती वेळ जाईल ते तुमच्या हातात नसतं. लिफ्ट अडकते, शिखराची रांग लांबते, तपासणीला अर्धा तास जातो. बोट मात्र थांबते, म्हणजे ही गेली तर अर्ध्या तासाने दुसरी येते. उलटा क्रम लावला आणि बोटीला उशीर झाला तर टॉवरची वेळ चुकते, आणि ती चुकली की चुकली. दुसऱ्या मजल्यासाठी दीड-दोन तास, शिखरासाठी अडीच-तीन तास धरा.

दुसरं गणित अंधाराचं. टॉवर रात्री दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं लुकलुकतो, २०,००० दिवे एकदम. पूर्वी हे मध्यरात्रीनंतरही चालायचं. सप्टेंबर २०२२ मध्ये वीज वाचवण्यासाठी रात्री पावणेबाराला टॉवरचे दिवेच बंद करायला सुरुवात झाली. आता मेख अशी की जूनमध्ये पॅरिसला सूर्यास्तच दहाला दोन-तीन मिनिटं कमी असताना होतो. मेच्या मध्यावर साडेनऊच्या सुमारास. म्हणजे उन्हाळ्यात झगमगाट पाहायचा तर दहाचा निम्म्या उजेडात आणि अकराचा पक्का. लहान मुलं त्या वेळेपर्यंत खांद्यावर झोपलेली असतात. डिसेंबरमध्ये उलट, पाचच्या आतच सूर्य मावळतो, थंडीची तयारी असली तर तोच सोयीचा मोसम. दिवाळीच्या सुटीत जाणार असाल तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, हे लक्षात ठेवा. त्या आठवड्यात सूर्यास्त पावणेसातच्या आसपास असतो तो एकदम पावणेसहावर येतो.

मी लोकांना सुचवतो तो आराखडा असा. मेमध्ये: टॉवरची वेळ संध्याकाळी साडेसहाची, दुसरा मजला, साडेआठपर्यंत खाली, काहीतरी खाऊन नवाच्या किंवा साडेनवाच्या बोटीत. डिसेंबरमध्ये: टॉवर साडेतीनला, वरूनच सूर्यास्त आणि शहराचे दिवे लागताना पाहायचे, मग सहाची बोट. अंधार पडल्यावर तासाच्या ठोक्याला सुटणारी बोट मिळाली तर उत्तम. फेरी एक तासाची असल्याने निघताना एकदा आणि परत धक्क्याला लागताना पुन्हा एकदा टॉवर लुकलुकताना दिसतो, पाण्यातल्या प्रतिबिंबासकट. यासाठी कुणी जादा पैसे घेत नाही.

शेवटची बोट कितीची हे मोसमाप्रमाणे बदलतं, ते त्या आठवड्यात पाहून घ्या. १४ जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिवस, टॉवरवर आतषबाजी असते. त्या दिवसाचं बुकिंग करूच नका, आसपासचे रस्तेसुद्धा बंद असतात.

सहावी पायरी: पैसे भरणं

२ फेब्रुवारी २०२४ रोजी पॅरिसमधल्या भारतीय दूतावासाच्या कार्यक्रमात फ्रान्समध्ये यूपीआयची सुरुवात झाली, आणि ते स्वीकारणारं पहिलं ठिकाण होतं आयफेल टॉवर. अधिकृत संकेतस्थळावर तिकीट काढताना क्यूआर कोड स्कॅन करून रुपयांतून पैसे देण्याची ही सोय. तुमच्या ॲपमध्ये आणि बँकेत ती चालते का ते आधी बघा आणि पर्याय म्हणून कार्ड हाताशी ठेवाच.

कार्डाबाबत दोन गोष्टी. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवीन कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन सुरू करावे लागतात. हे त्या क्षणी नाही, आदल्या दिवशी करा, कारण निवडलेली तिकिटं टोपलीत थोडाच वेळ राहतात. आणि पॅरिसमध्ये बसून बुकिंग करणार असाल तर ओटीपी येणारं भारतीय सिम फोनमध्ये चालू असायला हवं. पैसे भरताना "रुपयांत भरायचे की युरोत" असं विचारलं तर युरो निवडा. रुपयांतला दर जवळपास नेहमीच महाग पडतो.

प्रत्येकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा. आईचं नाव पासपोर्टवर लग्नानंतरचं आणि तिकिटावर लाडाचं, असं नको. तिकिटाचा क्यूआर कोड फोनमध्ये उतरवून ठेवा आणि एक छापील प्रत जवळ असू द्या. टॉवरखाली हजारो लोक एकदम नेट वापरत असतात.

सातवी पायरी: त्या दिवशी

मेट्रोने जायचं तर बीर-हाकेम हे सहा क्रमांकाच्या मार्गावरचं स्थानक सपाट रस्त्याने दहा मिनिटांवर आहे. फोटोसाठी मात्र त्रोकादेरोला उतरा. गच्चीसारख्या त्या चौकातून टॉवर समोर पूर्ण दिसतो, आणि मग उतरत उतरत येना पूल ओलांडून पायथ्याशी येता येतं. भरपूर पायऱ्या आहेत, पण उतरायच्या. बॅग पोटाशी ठेवा. त्रोकादेरो, टॉवरखालचा भाग आणि सहा व नऊ क्रमांकाच्या मेट्रो या खिसेकापूंच्या आवडत्या जागा.

येना पुलावर वाट्याखाली गोटी लपवण्याचा खेळ चाललेला दिसेल. जिंकणारा माणूस त्यांच्यातलाच असतो. हातात कागद देऊन "सही करा" म्हणणाऱ्या मुली, मनगटात दोरा बांधणारे, "आतली तिकिटं आहेत" म्हणणारे, सगळ्यांना मान हलवून पुढे. या टॉवरभोवती फसवणुकीची परंपरा जुनी आहे. १९२५ मध्ये व्हिक्टर लुस्टिग नावाच्या ठकाने सरकारी अधिकारी असल्याचं सोंग करून अख्खा टॉवर भंगारवाल्याला विकला होता.

टॉवरवर सामान ठेवायची सोय नाही, मोठी सुटकेस घेऊन आत सोडत नाहीत. विमानतळावरून थेट इथे यायचा बेत असेल तर सोडून द्या, आधी हॉटेल. काचेच्या बाटल्या, डबाबंद पेयं, दारू आणि कुठलंही धारदार हत्यार चालत नाही. आपल्याकडे पर्समध्ये फळं कापायची छोटी सुरी असते ना, तीही हत्यारातच मोडते. लोणच्याची काचेची बरणी हॉटेलात ठेवा. चिवडा, लाडू, प्लास्टिकच्या बाटलीत पाणी, हरकत नाही. बाबागाडी घडी होणारी हवी.

वेळेच्या निदान अर्धा तास आधी बाहेरच्या तपासणीपाशी पोचा. मेमध्येसुद्धा वर वारा बोचरा असतो, स्वेटर लागतोच. साडी नेसणाऱ्यांनी पिना जास्त लावा, गंमत नाही, खरंच सांगतोय. उतरताना घाई करू नका. पहिल्या मजल्यावर बहुतेक लोक थांबतच नाहीत, पण तिथे काचेची जमीन आहे, पायाखाली ५७ मीटर रिकामे. शिखरावर गेलात तर आयफेल यांचं छोटं ऑफिस आहे, आत ते आणि पाहुणे आलेले एडिसन मेणाचे बसलेले.

बोटीत बसल्यावर

गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये वरच्या डेकचे वेगळे पैसे घेतात, इथे तसं नाही, आधी येईल त्याची जागा. उघड्या डेकवर बसायचं असेल तर बोटीच्या वीस मिनिटं आधी रांगेत लागा. थंडीत खालचा काचेचा भाग बरा.

टॉवरपासून बोट पूर्वेकडे जाते. सोनेरी पुतळ्यांचा अलेक्झांडर तिसरा पूल १९०० सालचा, मग एका हाताला ओर्से आणि दुसऱ्या हाताला लूव्र. पाँ नफ या नावाचा अर्थ "नवा पूल", पण १६०७ मध्ये पूर्ण झालेला हा पॅरिसमधला सगळ्यांत जुना उभा पूल. त्यानंतर नोत्र-दाम. १५ एप्रिल २०१९ ला आगीत त्याचं छत गेलं, डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. बोट सँ-लुई बेटाला वळसा घालून परत फिरते. परतीच्या वाटेवर आल्मा पुलाच्या खांबाशी एका सैनिकाचा दगडी पुतळा शोधा, त्याला झुआव्ह म्हणतात. पूर आला की पॅरिसकर पाणी त्याच्या कुठवर आलंय ते बघतात. १९१० मध्ये खांद्यापर्यंत आलं होतं.

हा पुतळा तुमच्याही कामाचा. नदी फुगली की बोटींना पुलांखालून जाता येत नाही आणि फेऱ्या बंद होतात. जून २०१६ आणि जानेवारी २०१८ मध्ये तसं झालं होतं. टॉवरवरही संप होतो, फेब्रुवारी २०२४ मध्ये सलग सहा दिवस तो बंद होता. म्हणून टॉवरचा दिवस पॅरिसमधला शेवटचा ठेवू नका, पहिला किंवा दुसरा ठेवा, हातात एखादा दिवस उरतो. टॉवर त्यांच्या कारणाने बंद राहिला तर अधिकृत तिकिटाचे पैसे परत येतात. मध्यस्थाकडून घेतलं असेल तर त्याच्या अटी लागू. बोटीचं तिकीट मोकळ्या तारखेचं असेल तर ते तसंच दुसऱ्या दिवशी वापरा.

बोट धक्क्याला लागल्यावर बीर-हाकेमपर्यंत चालत या. मेट्रोचं भाडं आधीच कार्डात भरून ठेवलेलं असू द्या, रात्री यंत्रापुढे रांग असते, आणि प्रत्येकाचं नाविगो ईझी कार्ड वेगळं हवं, एकावर दोघं जात नाहीत. एत्वालच्या दिशेची गाडी घ्या आणि उजव्या खिडकीशी बसा. स्थानक सुटताच गाडी उघड्या पुलावरून नदी ओलांडते. पावणेबाराच्या आत असाल तर टॉवर दिव्यांसकट खिडकीत येतो, पुढचं पासी स्थानक येईपर्यंत.